डुकराचे डोळे चमकत नाहीत

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत घालतात त्याला सेल. ‘विजेरी’ हा शब्द लहानपणी फक्त मराठीच्या पुस्तकात भेटायचा. बाबांची बॅटरी तीन सेलची, स्टीलची. पेटली नाही तर बूड मांडीवर आपटायचं, मग पेटायची. रात्री बाबा आगरात उतरले की माणूस दिसायचा नाही, जमिनीवरून हलत जाणारा पिवळा ठिपका तेवढा दिसायचा आणि आम्ही पोरं पडवीत बसून तो बघायचो. बाबा गेल्यावर घर-आगर माझ्याकडे आलं आणि सहा वर्षांत मी तीन बॅटऱ्या विकत घेतल्या. पहिल्या दोन फुकट गेल्या. त्या मी निवडल्या नव्हत्याच. एक दुकानदाराने हातात ठेवली, दुसरी जाहिरातीने. तिसरी मात्र बघून, मोजून, दुकानात तासभर भांडून घेतली.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या काठाला. घरामागे नारळ-सुपारीचं आगर, आगराखाली बांधाला लागून भाताची चार खाचरं आणि चढण चढून गेलं की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, हापूसची कलमं. रात्रीचं काम बारा महिने नसतं, पण असतं तेव्हा टळत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसा व्होल्टेज इतकं पडतं की विहिरीवरचा पंप नुसता घुमतो, पाणी उचलत नाही. अकरानंतर उचलतो. म्हणजे पाट फिरवत एक-दीडपर्यंत आगरातच. गाय विणार असेल तर गोठ्याच्या खेपा. आणि भाद्रपदात भाताला दाणा भरायला लागला की कापणीपर्यंत राखण, कारण रानडुकरं.

पहिली बॅटरी २०१८ ला शृंगारतळीच्या बाजारातून घेतली. पत्र्याच्या डब्याएवढी, वर मूठ, खांद्याला पट्टा. आत सहा व्होल्टची शिशाची बॅटरी, त्यामुळे वजन चांगलं दीड किलो. साडेसातशे रुपये. पहिलं वर्ष छान गेलं. मे महिन्यात शिंपणं संपलं की ती पडवीतल्या खुंटीला लागायची आणि गणपती झाले की उतरायची. दुसऱ्या वर्षी उतरवली, रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी दहा मिनिटांत विझली. दुकानदार म्हणाला, माल खराब असेल. माल खराब नव्हता. शिशाच्या बॅटरीला रिकाम्या पोटी पडून राहणं सोसत नाही. उतरलेली तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते एकदा घट्ट झाले की चार्ज घेणंच बंद. मी ती दर वर्षी अर्धी-पाऊण रिकामी करून चार महिने टांगत होतो. तिला मारली मीच.

नवा सेल टाकून ती पुन्हा जरा चालती केली, तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर ते आदळलं खरं, पण आमच्याकडच्या सुपाऱ्याही काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या आणि वीज कित्येक दिवस गायब. चार्ज कुठे करणार? त्या दिवसांत आईने ट्रंकेतून बाबांची स्टीलची बॅटरी काढली. वाण्याकडे मोठे सेल मिळत होते. तीन सेल घातले, मांडीवर आपटली, पेटली. घरच्या घरी सेल बदलता येत नाहीत अशी वस्तू घ्यायची नाही, हे तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. पुढच्या खरेदीच्या वेळी ते सोयीस्कर विसरलो.

दुसरी २०२२ ची, ऑनलाइन मागवलेली. पिस्तुलासारखी मूठ, पुढे थाळीएवढा काचेचा डोळा, खोक्यावर ‘१ किलोमीटर’ आणि ‘९९०० एमएएच’ (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). पहिल्या रात्री अंगणातून खाडीपलीकडच्या डोंगरावर झोत टाकला तर तिथल्या घराच्या ओटीवरून कुणीतरी ओरडलं. गल्लीतली सगळी पोरं जमली. मी खूष.

त्या वर्षी अश्विनात भात पिवळं पडायला लागलं होतं. रात्री दोनच्या सुमारास खालून खसफस आली. बांधावर उभा राहिलो आणि झोत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवला. चमकणारे डोळे शोधत होतो. गवतात बारीक बारीक हिरवट ठिणग्या दिसत होत्या, दवासारख्या. वाकून पाहिलं तर जमिनीवरचे कोळी. त्यांचेही डोळे चमकतात हे तेव्हा कळलं. मोठे डोळे कुठेच नव्हते. झोत इतका बारीक होता की जिथे पडेल तिथे दिवसासारखं लख्ख आणि त्याच्या हातभर बाजूला काळोख, उलट नेहमीपेक्षा जास्त काळोख. काही नाही म्हणून वर येऊन झोपलो. सकाळी दोन खाचरं लोळवलेली होती, बांध उकरलेला, आणि बांधाच्या कडेचा सुरण सगळा खणून खाल्लेला.

नुकसानभरपाईला पंचनामा लागतो, म्हणून वनरक्षक आले. त्यांना रात्रीची हकीकत सांगितली. ते खुरांचे ठसे बघत होते, वर न बघताच म्हणाले, “डोळे शोधत होतात ना? डुकराचे डोळे चमकत नाहीत.”

गाय, मांजर, कोल्हा, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो, आत गेलेला उजेड तो परत फेकतो. डुकराला तो थर नाही. माकडाला नाही, आपल्यालाही नाही. “बिबट्या असता तर तुम्हाला लगेच दिसला असता,” असं म्हणून ते हसले. मला काही हसू आलं नाही. म्हणजे तो कळप बहुधा माझ्या समोर पन्नास पावलांवर मान खाली घालून खात होता आणि मी त्याच्या पाठींवरून झोत फिरवून झोपायला गेलो होतो. ओल्या भातात चिखलाने माखलेलं करडं-काळं अंग. ते ओळखायला डोळ्यांची चमक नको, पसरलेला उजेड हवा आणि त्या उजेडात रंग कळायला हवेत.

तीच बॅटरी डिसेंबरपर्यंत मेली. उघडली तर आत १८६५० मापाचा एकच सेल. हा आकडा म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० एमएएचच्या आसपास मावतं, त्यामुळे ९९०० हा आकडा छापणाऱ्याने कुठून आणला ते त्यालाच ठाऊक. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकून पाहिला, ३१ ग्रॅम भरला. अस्सल सेल पंचेचाळीसच्या पुढे-मागे भरतो. वाणी म्हणाला, “सुपारीत खडा घालतात तसं आहे हे.” उलटं आहे, मी म्हटलं, सुपारीत वजन वाढवतात.

नंतर मात्र घाई केली नाही. आधी जागा मोजली. घराच्या पायरीपासून खाडीच्या बांधापर्यंत १३० पावलं, म्हणजे शंभर मीटरच्या आतच. सड्यावर एका कलमापासून दुसरं दहा मीटरवर. एवढ्यासाठी एक किलोमीटर कशाला? भाचा इंजिनिअरिंगला आहे, मे महिन्यात आला होता. त्याने खोक्यावरचे आकडे वाचायला शिकवले. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती बाहेर पडतो. कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय. रबरी पाइपचं पाणी तेवढंच असतं, तोंडावर अंगठा दाबला की लांब जातं पण आळं भिजत नाही, तसं. आणि ‘इतके मीटर’ हा आकडा एका अमेरिकन मानकावरून, एफएल-१ वरून येतो. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे पाव लक्स उजेड जिथे उरतो, तिथपर्यंतचं अंतर. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं, आले मीटर. १०,००० कँडेलाला २०० मीटर, अडीच लाख कँडेलाला १ किलोमीटर. म्हणजे खोक्यावरचं खरं धरलं तरी मी किलोमीटरभर लांब चांदणं पाडायला पैसे मोजले होते.

त्याच हिशोबाने १०,००० कँडेलाची बॅटरी ४० मीटरवर चांदण्याच्या पंचवीसपट उजेड टाकते. माझ्या बांधावरून माझं भात तेवढंच लांब आहे.

खरेदीला चिपळूणला गेलो. खिशात दोन वस्तू होत्या, एक जांभ्याचा तुकडा आणि एक पिकलेली सुपारी. बायको म्हणाली, लोक वेडा म्हणतील. दुकानाच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ आहे, २२ जुलै २०२१ च्या पुराची. मालकाने ती मुद्दाम रंगवलेली नाही. मागच्या गोदामात दिवा घालवून घेतला, टेबलावर जांभा आणि सुपारी ठेवली आणि एकेक बॅटरी मारत गेलो. बहुतेकींचा उजेड निळसर पांढरा. त्यात जांभा जांभळट राखाडी दिसायचा आणि पिकली सुपारी वाळल्या सुपारीसारखी. दोन बॅटऱ्या अशा निघाल्या की ज्यांत जांभा लाल दिसला आणि सुपारी नारिंगी. त्यांच्या खोक्यावर ५००० केल्विन होतं, बाकीच्यांवर ६५००. आकडा जितका खाली तितका उजेड पिवळा.

मालकाला हे खूळ वाटलं, म्हणून त्याला फुरशाचं, त्या विषारी सापाचं सांगितलं. सड्यावर फुरसं दीड फुटाचं असतं, त्याहून लहानही, आणि रंग अगदी कातळावरच्या मातीचा. पायवाटेच्या मधोमध वेटोळं करून बसतं, अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. पण आवाज करायची वेळ येण्याआधी ते दिसलेलं बरं. निळ्या उजेडात माती, पाला आणि फुरसं सगळं एकाच रंगाचं होतं. मालक म्हणाला, “मग पायाजवळ बघायला तुम्हाला लांबची नकोच.” हे एवढं वाक्य माझ्या डोक्यात दोन बॅटऱ्या फुकट घालवून आलं होतं, त्याला पाच मिनिटांत सुचलं.

झोत कसा पडतो ते काचेमागच्या वाटीवर असतं. वाटी आरशासारखी गुळगुळीत असेल तर झोत बारीक आणि लांब, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असेल तर मधे उजेडाचा गाभा आणि भोवती मऊ पसारा. मला खडबडीत हवी होती.

मूठ आणि बटण यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. रात्री एका हातात काठी असते, पावसात छत्री, आणि दुसरा हात चिखलाचा. एका बॅटरीला एकच बटण आणि पाच प्रकार, मंद, मध्यम, प्रखर, लुकलुक, एसओएस. बंद करायची तर लुकलुकीतून जावंच लागायचं. गोठ्यात विणाऱ्या गाईसमोर हे करून बघा. ती बाजूला ठेवली. दुसरीचं बटण शिवण्यासारखं, ओल्या अंगठ्याला दाद देत नव्हतं (दुकानात पाण्याच्या बाटलीने हात ओला करून पाहिला). तिसरी चांगली होती पण जड. ती हातात धरून मी दहा मिनिटं उभा राहिलो, गप्पा मारत. आठव्या मिनिटाला मनगट भरून आलं. मालकाने चहा मागवला, बहुधा मी जात नाही हे ओळखून.

टिकाऊपणाचा विषय मात्र त्याच्याकडूनच शिकलो. पूर उतरल्यावर त्याने दुकानातला चिखल फावड्याने काढला होता. त्यात सापडलेल्या बॅटऱ्यांपैकी फिरकीचं झाकण आणि आत रबरी रिंग असलेल्या बऱ्याचशा धुतल्यावर पेटल्या. खटका दाबून बसणाऱ्या झाकणाच्या सगळ्या भंगारात. धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारे आयपी ६७, आयपी ५४ हे आकडे त्याला पाठ आहेत, पण तो आधी झाकण उघडून रिंग बघतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ४ म्हणजे नुसते शिंतोडे. हे सगळं चार्जिंगचं भोक बंद असेल तर. आणि चाचणी गोड्या पाण्यातली असते, आमची हवा खारट. अॅल्युमिनियमच्या नळीवर खाडीकाठी दोन पावसाळ्यांत पांढरे फोड येतात, म्हणून त्यानेच मला जाड प्लास्टिकच्या अंगाची, स्टेनलेस स्क्रूची सुचवली. दिसायला ती खेळण्यासारखी आहे. पिवळी. भातात पडली तरी सापडेल, तो म्हणाला.

सेल बाहेर काढता येणारे, दोन, २१७०० मापाचे, प्रत्येकी ५००० एमएएच. दोन्ही सेलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा आकडा आणि खाली आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. लिथियमच्या सेलवर भारतात हे असावंच लागतं, माझ्या ३१ ग्रॅमवाल्यावर नव्हतं. चार्जिंग मोबाइलच्याच टाइप-सी वायरने. २९०० सांगितले, २७५० ला दिली. वर एक अंगठ्याएवढी जांभळ्या उजेडाची बॅटरी फुकट, नोटा तपासायची. ती मी खेळणं म्हणून घेतली होती, पण विंचू तिच्याखाली हिरवट झगमगतो. लाकडांच्या ढिगावर, चिऱ्यांच्या सांधींत रात्री मारून बघा, अंगावर काटा येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली त्याआधी लाल विंचवाने कोकणात किती माणसं नेली हे आईच्या पिढीला विचारावं. आता सरपणाला हात घालण्याआधी ती बॅटरी आईच मारते.

घरी आणल्यावर परीक्षा संपली नव्हती. खोक्यावर सहा तास. प्रखरवर लावली तर तीन-चार मिनिटांतच उजेड खाली आला. आतला दिवा तापतो म्हणून ती स्वतःच कमी होते, ही खोट नाही. पण ‘सहा तास’ मोजतात ते उजेड पहिल्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत, त्यात मरणकळाही धरलेल्या असतात. मी मध्यमवर ठेवून रात्री आठला ओटीवर लावली, झोत अंगणापलीकडच्या माडाच्या बुंध्यावर. मधे मधे उठून बघत होतो. दीडला बुंध्यावरच्या खाचा दिसत होत्या, दोनला बुंधा नुसता दिसत होता, सव्वादोनला गेली. राखणीला मी एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त लावत नाही, त्यामुळे आठवडा जातो. मग बादलीत बुडवून अर्धा तास ठेवली. बायकोने स्वयंपाकघरातून घड्याळ लावलं, कारण मला राहवत नव्हतं.

पहिल्या पावसात एक गोष्ट आपोआप कळली. बॅटरी डोळ्यांच्या उंचीला धरली की थेंबांवरून उजेड उलटा येतो आणि समोर पांढरी भिंत. तीच गुडघ्याजवळ धरली की थेंब गायब, आणि जमिनीवरच्या बारीक वस्तूंच्या लांब सावल्या पडतात. काठी, मूळ, साप, सगळं उठून दिसतं. डोक्याला बांधायची बॅटरी मी आधी घेणार होतो, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. पावसाळी रात्री ती नेमकी चुकीच्या जागी असते. सुपारी सोलायला बसलं तर उत्तम.

दीड वर्ष झालं. आतल्या स्प्रिंगवर हिरवा गंज धरतो, तो दर दोन महिन्यांनी मुलाच्या खोडरबराने घासतो. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावतो. आधी खोबरेल लावलं होतं, कोकणात सगळ्यालाच लावतात, पण थंडीत ते थिजलं आणि झाकण फिरेना. पावसाळ्यात वापर नसेल तर सेल अर्धे भरून, बाहेर काढून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच सैल झालंय, त्यावर सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी चढवली आहे.

गेल्या अश्विनात डुकरं दिसली. चार मोठी आणि पिल्लं. आधी भाताच्या वर ओल्या पाठी दिसल्या, मातीच्या ढेकळांसारख्या, मग त्यातलं एक ढेकूळ हललं. डोळा एकही नाही. ओरडलो, डबा वाजवला, गेली. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय हाकलणं एवढंच आपल्या हातात. दोन रात्रींनी परत आली, पण अर्धं खाचर वाचलं.

परवा शेजारचे काका आले, त्यांची म्हैस अडली होती. बॅटरी हातात घेऊन उलटी-पालटी केली, पिवळा रंग बघून नाक मुरडलं.

“लांब किती पडते रे?”

“खाडीच्या बांधापर्यंत.”

“त्याच्या पुढे?”

“पुढे आपलं काही नाही, काका.”

तरी घेऊन गेले. रेडकू झालं, म्हैस उभी राहिली, बॅटरी अजून त्यांच्याकडेच आहे.